ऑर्किडला पाणी कधी घालायचं ते मुळं बघून ठरवा

ऑर्किडची पानं लोळायला लागली की आपण लगेच पाणी वाढवतो आणि तिथेच गडबड होते. कारण पाणी कमी पडलं तरी पानं लोळतात आणि जास्त झाल्याने मुळं कुजली तरी तशीच लोळतात, कुजलेलं मूळ पाणी ओढणार कसं? म्हणजे झाड खरंच तहानलेलं असतं पण कुंडी ओली असते, आणि आपण वरून अजून ओततो. घरातली कितीतरी चांगली झाडं अशीच जातात, मला याचं फार वाईट वाटतं.

ऑर्किडच्या जगात सुमारे २८,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक झाडांच्या फांद्यांवर वाढतात. ही बांडगुळं नव्हेत हां, त्या झाडातून काहीच शोषत नाहीत, फक्त बसायला जागा घेतात. मुळं उघड्यावर असतात, पाऊस आला की भिजतात, वारा लागला की सुकतात. त्यासाठी मुळांवर मेलेल्या पेशींचा स्पंजसारखा थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडा असताना त्यात हवा असते म्हणून मूळ चंदेरी दिसतं, भिजला की तो पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. म्हणूनच फॅलेनॉप्सिस नावाचं ऑर्किड पारदर्शक कुंडीत लावतात ते मला फार आवडतं, मुळं हिरवी आहेत तोवर थांबायचं, चंदेरी झाली की भरपूर पाणी घालून सगळं निथळू द्यायचं. कुंडीबाहेर आलेली मुळं कापू नका, ती झाडाला हवीच असतात. साधी माती तर नकोच, झाडाच्या सालीचे जाडसर तुकडे आणि थोडा कोळसा पुरतो, फक्त साल दोनेक वर्षांत कुजून बारीक होते, मधली हवेची जागा बुजते, म्हणून ती बदलावी लागते.

पण एकच नियम ऑर्किडच्या सगळ्या प्रकारांना लावला तर चुकतं. कॅटलियाला खाली फुगीर खोडं असतात, त्यात पाणी साठतं, त्यामुळे दोन पाण्यांच्या मध्ये नीट सुकू द्या, आणि उजेड फॅलेनॉप्सिसपेक्षा बराच जास्त द्या. व्हँडाला असा साठा नाही, ती नुसत्या टोपलीत मुळं मोकळी सोडून लटकवतात, मग उकाड्यात तिला रोज भिजवावं लागतं. पॅफिओपेडिलम म्हणजे फुलाला चपलेसारखी पिशवी असलेलं, हे बहुतेक जमिनीवरच्या पालापाचोळ्यात वाढतं, त्याला सावली चालते पण पूर्ण कोरडं केलेलं अजिबात चालत नाही.

डेंड्रोबियमबाबत जरा सावध राहा, कारण लेबलवर नुसतं डेंड्रोबियम लिहिलेलं असतं आणि आत वेगवेगळ्या स्वभावाची झाडं निघतात. नोबिले प्रकाराला थंडीत विश्रांती लागते, पाणी खूप कमी, खत बंद, रात्री गार. ते पानं गाळतं, मेल्यासारखं दिसतं, पण फेकू नका! त्या दिवसांत दया येऊन पाणी-खत चालू ठेवलं तर फुलांच्या जागी छोटी रोपं फुटतात, त्यांना केइकी म्हणतात, हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ बाळ.

उजेड पुरतो की नाही हे पानांवरून कळतं. गडद हिरवी पानं दिसायला छान पण बऱ्याचदा उजेड कमी असल्याची खूण, किंचित पोपटी असतील तर बरं, आणि दुपारचं थेट ऊन मात्र टाळा कारण पानं भाजतात.

फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा येण्यासाठी थोडा गारवा लागतो. सतत २८ अंशांच्या वर तापमान राहिलं तर पानंच येत राहतात, काही आठवडे जरा गार मिळालं की दांडा निघतो. याची आणखी एक गंमत म्हणजे ते पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि दिवसा पाणी वाचवतं. पाणी मात्र सकाळी घाला, पानांच्या मधल्या खोबणीत साचलं तर टिपून काढा, रात्रभर राहिलं की गाभा कुजतो आणि या झाडाला वाढीचं टोक एकच असतं.

फुलं संपली आणि दांडा अजून हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा, कधीकधी तिथून नवा फाटा फुटतो. झाड अशक्त असेल तर दांडा पूर्ण काढलेला बरा, ते आधी मुळं धरू दे.