वायफायमुळे बॅटरी लवकर उतरते? आधी हे वाचा

आमच्या दुकानातून सेलेरॉन किंवा एन१०० प्रोसेसरचा (कमी वीज खाणारा साधा प्रोसेसर) लॅपटॉप नेलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. खातं वायफाय बॅटरी, नाही असं नाही. अशा लॅपटॉपवर ते जास्त जाणवतं, कारण साध्या कामाला अख्खं मशीनच पाच-सात वॅटमध्ये भागवतं. पण नुसतं राउटरला जोडलेलं वायफाय कार्ड फार वीज घेत नाही. राउटर सेकंदाला साधारण १० वेळा इशारा पाठवतो. कार्ड तेवढ्यापुरतं जागं होतं आणि आपल्यासाठी काही नसेल तर पुन्हा झोपतं. वीज लागते ती डेटा पाठवताना.

इथेच घोळ होतो. व्हिडिओ बघून बरेच जण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरतात आणि 'ट्रान्समिट पॉवर' (कार्डाची सिग्नल पाठवायची ताकद) लोएस्टवर नेऊन ठेवतात. कृपया हे करू नका. आतल्या खोलीतून राउटरपर्यंत सिग्नल नीट पोचत नाही, तोच डेटा परत परत पाठवावा लागतो, वेग पडतो आणि कार्डाला झोप अशी मिळतच नाही. बॅटरी वाचत नाही ती नाहीच, वर 'कार्ड उडालं' म्हणून लॅपटॉप आमच्याकडे येतो. आमचा राउटर काउंटरच्या वरच टांगलेला, त्यामुळे इथे रेंज फुल, दोष दिसतच नाही! मग ड्रायव्हर बदला, मागचं कव्हर उघडून अँटेनाच्या वायरी बघा, असं करत शेवटी ही सेटिंग सापडते. म्हणून सेटिंग बदललेली निघाली तर वॉरंटीतही तपासणीचे पैसे लागतात. काहींना ते पटत नाही, पण वेळ दुरुस्तीइतकाच जातो.

करायचंच असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टरचं 'पॉवर सेव्हिंग मोड' बघा. बॅटरीवर मीडियम, चार्जरवर मॅक्सिमम परफॉर्मन्स. आम्ही मशीन देतानाच असं लावून देतो. बॅटरीवर मॅक्सिमम सेव्हिंग केलंत तर मीटिंगमध्ये आवाज तुटू शकतो. नव्या मॉडेलवर हा पर्याय दिसत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच मशीनमध्ये तो लपवलेलाच असतो. वनड्राइव्ह आणि अपडेट मागे चालू राहतात, त्यासाठी कनेक्शन 'मीटर्ड' (मोजक्या डेटाचं) करा. नुसतं टायपिंग असेल तर सरळ एअरप्लेन मोड.

राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर आधी तो हलवा. तरीही रेंज येत नसेल तर आतल्या खोलीत ॲक्सेस पॉइंट (राउटरला वायरने जोडलेलं, तिथे वायफाय देणारं यंत्र) बसवून देतो, वायरिंगसकट.

आणि बॅटरीच जुनी झाली असेल तर सेटिंगचा उपयोग नाही. बॅटरीची किती क्षमता उरली ते सांगणारा बॅटरी रिपोर्ट दुकानात फुकट काढून मिळेल. क्षमता निम्म्यावर आली असेल तर बदलाच. ओरिजिनल आणि कम्पॅटिबल दोन्ही ठेवतो. येताना चार्जर आणि बिल आणा.