मिठी नदीतून कार्बनही वाहतो

पावसाळ्यात एखाद्या सकाळी बातमी येते, ‘विहार तलाव भरून वाहू लागला’, आणि मुंबईकर हुश्श करतो. खरं तर सात तलावांच्या एकूण साठ्यात विहारचा वाटा जेमतेम दोन टक्के. शहराची तहान भागते ती मुख्यतः भातसा आणि वैतरणा खोऱ्यातल्या धरणांवर. पण १८६० मध्ये बांधून झालेला विहार भूगोलाच्या अभ्यासाला फार सोयीचा. तुळशी भरला की जादा पाणी विहारमध्ये येतं, विहारचं मिठीत उतरतं आणि मिठी माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. शाळेच्या पुस्तकात जलचक्र एका धड्यात आणि कार्बनचक्र दुसऱ्यात असतं. या वाटेवर मात्र दोन्ही वेगळी काढताच येत नाहीत.

विहार-तुळशीभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानातला साग घ्या. पानाला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर पर्णरंध्रं उघडावी लागतात आणि ती उघडली की आतली वाफ निसटते. सौदा भलताच महाग आहे: कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना झाड पाण्याचे काही शे रेणू गमावून बसतं.

गळलेली पानं मातीतले जिवाणू आणि बुरशी खातात. त्यांच्या आणि मुळांच्या श्वसनामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी त्याहूनही कितीतरी जास्त असतं. पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण ५.६. मातीतून झिरपताना त्यात आणखी वायू विरघळतो आणि हे सौम्य कार्बोनिक आम्ल खालच्या खडकाला भिडतं. हा खडक म्हणजे बेसाल्ट, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींची देणगी. कान्हेरीची लेणी त्यातच कोरली आहेत. बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटं होतं, आम्लातला कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर निघतो. समुद्रात शिंपले आणि प्रवाळ त्यापासून कवच बनवतात. त्या वेळी निम्मा कार्बन पुन्हा मोकळा होतो, निम्मा चुनखडीत अडकून पडतो. ज्या लाव्हाबरोबर प्रचंड कार्बन डायऑक्साइड बाहेर आला, तोच लाव्हा थंड होऊन तेव्हापासून तो परत शोषतो आहे!

अर्थात हे काम लाखो वर्षांचं. उलटं काम आपण झटपट करतो. सिमेंटच्या भट्टीत एक टन शुद्ध चुनखडी भाजली की ४४० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधनाचा धूर वेगळाच. पवईचे टॉवर बघताना हा आकडा आठवतो.

विहारखाली मिठीत सांडपाणी मिसळतं. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग तळच्या गाळात मिथेन तयार होतो. माहीमच्या खाडीत तिवरांच्या चिखलातही ऑक्सिजन नसतोच (म्हणून तर तिवर श्वसनमुळं वर काढतो), पण तिथे भरतीबरोबर समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट येतं. सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांवर कुरघोडी करतात. कुजलेल्या अंड्यासारखा तो वास त्यांचाच. पानं आणि मुळं पुरती कुजत नाहीत, कार्बन शेकडो वर्षं गाळात राहतो. मुंबईच्या कांदळवनांचं मोल झाडांपेक्षा या काळ्या चिखलात जास्त आहे, असं माझं मत. तो उपसून उन्हात टाकला की ऑक्सिजन मिळतो आणि साठवलेला कार्बन भराभर हवेत जातो.

तिथून तो पुन्हा पावसात हात घालतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे मुसळधार पावसाला कच्चा माल वाढतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पुराचं सगळं खापर मात्र तापमानवाढीवर फोडता येणार नाही. आक्रसलेलं मिठीचं पात्र, तुंबलेले नाले आणि त्या दुपारची भरती यांनाही त्यातला वाटा द्यावा लागतो.