बोर्डिंगांच्या गावातलं विद्यापीठ

शिवाजी विद्यापीठात सामाजिक न्यायावर बोलणं झालं नाही असं वर्ष जात नाही. 26 जून, शाहू महाराजांची जयंती, राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळली जाते. कोल्हापूरला त्यासाठी परिपत्रकाची वाट कधी बघावी लागली नाही. मंचावर बोलणाऱ्यांची नावं पत्रिकेवर छापली जातात. त्यांना बोलायला आधार ज्यांनी पुरवला, ती माणसं मात्र मागे राहतात. त्यांची गोष्ट सुरू होते विद्यापीठ निघालं त्या 1962 च्या बरंच आधी, बोर्डिंगांपासून, म्हणजे वसतिगृहांपासून.

शाहू महाराजांनी 1896 मध्ये सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. थोड्याच काळात तिथे ब्राह्मण मुलंच उरली. मग 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैनांचं, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. जात मोडायला निघालेल्या राजाने जातवार बोर्डिंगं बांधली, हे आज कानाला खटकतं. पण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात कुणी पानावर बसवून घेत नसेल, तर त्याने शिकायचं कुठे? आधी निवारा, मग बाकीचं, असा तो हिशेब होता. मला तो पटतो, पण पुरा नाही. वाडे वेगळे राहिले की मनंही वेगळी राहतात, हे त्याच बोर्डिंगांतल्या एका मुलाने दाखवून दिलं.

तो मुलगा कुंभोजचा, भाऊराव पाटील. राहायला जैन बोर्डिंगात. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला गेला, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं, असं सांगतात. पुढे 1919 मध्ये याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या आपल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या वसतिगृहाला नाव दिलं ते शाहू महाराजांचंच.

संवादाच्या बाकीच्या जागाही अशाच, सभागृहाबाहेरच्या. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल टाकलं, तेव्हा महाराज गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही प्यायला लावत. 21 आणि 22 मार्च 1920 ला माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी तरुण डॉ. आंबेडकर. महाराज स्वतः तिथे गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असं जमलेल्यांना सांगून आले. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बसले, तेही बाबासाहेब हयात असताना.

विद्यापीठ आलं 18 नोव्हेंबर 1962 ला. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार मुळात इतिहासकार, कागदपत्रांत रमणारे. शाहूंबद्दल तोवर आठवणी खूप होत्या, आख्यायिका त्याहून जास्त. अण्णासाहेब लठ्ठे यांनी 1924 मध्येच इंग्रजीत चरित्र लिहिलं होतं, पण दरबारचे मूळ कागद दप्तरांतच पडून होते. डॉ. विलास संगवे आणि बी. डी. खणे यांनी ते निवडून, लावून, शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड संपादित केले. संगवे समाजशास्त्राचे प्राध्यापक, जैन समाजाचे अभ्यासक. हे काम टाळ्यांचं नव्हे, डोळे शिणवणारं. डॉ. जयसिंगराव पवारांचा शाहूंवरचा स्मारक ग्रंथ नंतर आला आणि तो मराठी वाचकांपर्यंत पोचला.

दुसरी वाट रस्त्यावरची. कॉम्रेड गोविंद पानसरे वकील, पण विद्यार्थ्यांपुढे बोलायला कायम तयार. शाहूंवर त्यांनी छोटेखानी पुस्तक लिहिलं, आंतरजातीय लग्नं लावून दिली. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 ला ते गेले. सामाजिक न्यायावर बोलणं जिवावर बेतू शकतं, हे त्यानंतर कोल्हापुरात कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

कागद कशाला लागतात, याचं एकच उदाहरण देतो. महाराज गादीवर आले त्या 1894 साली दरबारच्या सामान्य प्रशासनात 71 पैकी 60 अधिकारी ब्राह्मण होते. 1912 पर्यंत ते 95 पैकी 35 वर आले. मधे 26 जुलै 1902 चा, दरबारच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी जागा राखण्याचा हुकूम आहे. महाराज तेव्हा इंग्लंडात होते. 'शाहूंनी पन्नास टक्के जागा दिल्या' एवढं सगळेच म्हणतात. कुणासाठी, हे हुकुमातच लिहिलेलं आहे: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले.