मृत्युदंड, इच्छामरण आणि वैद्यकीय नीती

न्यायालयाने दिलेल्या मृत्युदंडाच्या अंमलबजावणीत, किंवा रुग्णाने स्वतः मागितलेल्या मृत्यूत, डॉक्टरने कितपत हात लावावा, यासंबंधीचा वैद्यकीय नीतिशास्त्रातील प्रश्न. हे दोन विषय एका नोंदीत आणलेले काहींना खटकेल. फाशीचा कैदी मरण मागत नसतो आणि असाध्य आजाराने गांजलेल्या रुग्णाने कोणताही गुन्हा केलेला नसतो. तरी डॉक्टरच्या जागेवरून पाहिले, तर माणूस जगवण्यासाठी शिकलेली विद्या मरण घडवायला वापरायची का, हा पेच दोन्हीकडे सारखाच आहे. औषधेसुद्धा पुष्कळदा तीच असतात. थायोपेंटल या भुलीच्या औषधाने अमेरिकेतील मृत्युदंडाची सुरुवात अनेक वर्षे होत असे आणि नेदरलँड्समधील डॉक्टर इच्छामरणासाठीही तेच वापरत आले. पेंटोबार्बिटल स्वित्झर्लंडमध्ये रुग्ण आपल्या हाताने पितो, टेक्सासमध्ये ते कैद्याच्या शिरेत सोडतात. औषधावरून फरक कळत नाही. त्या घडीला डॉक्टर कोणाचा असतो, समोरच्या माणसाचा की शिक्षा देणाऱ्या सरकारचा, यावरून तो कळतो.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत ‘कोणी मागितले तरी प्राणघातक औषध देणार नाही’ असे वचन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरू शिष्याला जे बजावतो, ते अधिक विचारात पाडणारे आहे. स्वतःच्या जिवावर बेतले तरी रोग्याचा द्रोह करू नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. त्याच उपदेशात राजा ज्यांचा द्वेष करतो किंवा जे राजाचा द्वेष करतात, त्यांना औषध देऊ नये, मरणाला टेकलेल्यालाही देऊ नये, असेही आहे. म्हणजे एकाच उपदेशात वैद्य रोग्याचाही आहे आणि राजाचाही. आजचा वाद या दोन आज्ञांमधल्या जागेतच चालू आहे.

मृत्युदंडात डॉक्टर आले ते बहुधा दयाबुद्धीने. फ्रान्समध्ये १७८९ साली डॉ. जोझेफ गियोतँ यांनी सर्वांना सारखी आणि क्षणात संपणारी शिक्षा असावी असा आग्रह धरला. मान उडवणारे गिलोटिन हे यंत्र त्यांनी बनवले नव्हते, तरी त्याला नाव त्यांचेच चिकटले. न्यूयॉर्कमध्ये विजेच्या खुर्चीची कल्पना पुढे रेटणारा आल्फ्रेड साउथविक दंतवैद्य होता. १९७७ साली ओक्लाहोमाचे मुख्य वैद्यकीय तपासनीस जे चॅपमन यांनी औषधांची मात्रा सुचवली: आधी भूल, मग स्नायू लुळे करणारे औषध. शेवटचे, हृदय थांबवणारे पोटॅशियम क्लोराइड पुढे तीत जोडले गेले. टेक्सासमधील हंट्सव्हिल येथे ७ डिसेंबर १९८२ रोजी चार्ल्स ब्रूक्सला या पद्धतीने पहिल्यांदा मृत्युदंड देण्यात आला. दृश्य थेट शस्त्रक्रियागृहातले होते: पलंग, सलाईनची नळी, दंडाला पट्टा. फाशीच्या तख्तावर वैद्यकाचे सोंग नसते. इंजेक्शनच्या पद्धतीत ते सोंगच मुख्य आहे आणि डॉक्टरांच्या संघटना तिच्यावर एवढ्या संतापल्या, त्याचे मूळ इथे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पहिले इंजेक्शन दिले जाण्यापूर्वीच, १९८० साली, डॉक्टरने यात भाग घेऊ नये असा ठराव केला. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८१ साली तीच भूमिका घेतली. अमेरिकन संहितेचा तपशील वाचण्यासारखा आहे. शीर शोधणे, सुई लावणे, यंत्रावर नाडी पाहत राहणे, तांत्रिक सल्ला देणे, हे सारे निषिद्ध. मृत्यू घोषित करणेही निषिद्ध, पण दुसऱ्या कोणी तो घोषित केल्यानंतर दाखला देण्यास हरकत नाही. हा शब्दच्छल वाटतो, पण तो तसा नाही. घोषित करणाऱ्याला ‘अजून जिवंत आहे’ असेही म्हणावे लागू शकते. तसे म्हणताच आणखी औषध सोडले जाते आणि डॉक्टर त्या कामातला एक हात होऊन बसतो.

हा प्रसंग कल्पनेतला राहिला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात मायकेल मोरालेस या कैद्याचा मृत्युदंड ठरला होता. भूल नीट चढली नाही तर पुढच्या औषधांनी जिवंतपणी गुदमरल्याच्या यातना होतील, म्हणून भूलतज्ज्ञ हजर हवेत, असे न्यायाधीशांनी सांगितले. दोन भूलतज्ज्ञ तयार झाले. पण कैदी मध्येच जागा झाला तर आपल्याला हस्तक्षेप करून त्याला पुन्हा भूल द्यावी लागेल, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ऐन वेळी दोघांनीही नकार दिला. सरकारला दुसरा परवानाधारक माणूस मिळाला नाही. मृत्युदंड थांबला, आणि कॅलिफोर्नियात त्यानंतर एकही झालेला नाही. ओक्लाहोमात २९ एप्रिल २०१४ रोजी उलटे घडले. क्लेटन लॉकेटची शीर सापडेना, म्हणून उपस्थित डॉक्टरने जांघेतल्या शिरेत सुई लावली. ती नीट बसली नाही. लॉकेट तडफडू लागला आणि औषधे सुरू झाल्यापासून त्रेचाळीस मिनिटांनी मेला.

डॉक्टर तरीही का जातात, हे शल्यविशारद अतुल गवांदे यांनी विचारून पाहिले. यवतमाळ जिल्ह्यातील उटी हे त्यांच्या वडिलांचे मूळ गाव. अशा कामात भाग घेतलेल्या काही डॉक्टरांशी आणि एका परिचारिकेशी बोलून त्यांनी २००६ साली लिहिले. कोणी तुरुंगाशी असलेल्या जुन्या संबंधामुळे ओढला गेला होता, तर मरणाऱ्याला निदान यातना होऊ नयेत असे कोणाला मनापासून वाटत होते. गवांदे यांनी त्यांचे म्हणणे सहानुभूतीने मांडले, पण डॉक्टर-परिचारिकांनी यात पडू नये, असाच निष्कर्ष काढला. औषध कंपन्यांनीही पुढे हात आखडते घेतले. थायोपेंटलचे अमेरिकी उत्पादन २०११ साली बंद झाले आणि युरोपीय संघाने निर्यातीवर निर्बंध घातले. तेव्हा काही तुरुंगांनी ते मुंबईच्या एका कंपनीकडून मागवले होते. गवगवा झाल्यावर तिने हिंदू मूल्यांचा हवाला देऊन यापुढे या कामासाठी विक्री करणार नाही असे जाहीर केले.

इच्छामरणाची दिशा वेगळी आहे. येथे मागणारा स्वतः रुग्ण असतो. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेत स्वार्थी हेतू नसेल तर आत्महत्येला मदत करणे गुन्हा ठरत नाही आणि ही तरतूद १९४२ पासून अमलात आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९९७ पासून डॉक्टर औषध लिहून देतो, घ्यायचे की नाही हे रुग्ण ठरवतो. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी २००२ साली डॉक्टरने स्वतः इंजेक्शन देण्यालाही कायद्याने मुभा दिली, कॅनडाने २०१६ साली. जागतिक वैद्यकीय संघटनेचा याला २०१९ च्या ठरावातही विरोधच आहे. तरी त्या ठरावात ‘कोणत्याही डॉक्टरवर सक्ती नको’ या वाक्यावर भर आहे, कारण सदस्य देशांत आता एकमत उरलेले नाही. विरोधकांची भीती उगाच नाही. नाझी जर्मनीत १९३९ ते १९४१ या काळात सुमारे सत्तर हजार मनोरुग्ण आणि अपंग माणसे ‘दयामरण’ याच नावाखाली मारली गेली आणि निवडीच्या कागदांवर डॉक्टरांच्या खुणा होत्या. तिथे कोणी कोणाला विचारले नव्हते, हे खरे. पण संमती आहे की नाही हे ठरवणारा माणूसही डॉक्टरच असतो, हेही विसरून चालत नाही.

दोन्ही प्रश्न एकाच माणसात एकत्र आल्याचे उदाहरण बेल्जियमचे आहे. मृत्युदंड रद्द केलेल्या या देशात फ्रँक व्हान डेन ब्लेकेन हा बलात्कार आणि खुनाबद्दल अनेक वर्षे कोंडलेला कैदी होता. माझ्या मनोविकारावर तुरुंगात उपचार नाहीत, हे जिणे असह्य आहे, असे सांगून त्याने इच्छामरण मागितले. ते मंजूर झाले, जानेवारी २०१५ मधली तारीखही ठरली. अखेरच्या दिवसांत त्याच्या डॉक्टरांनी माघार घेतली आणि त्याला उपचार मिळतील अशा ठिकाणी हलवण्याचा निर्णय झाला. ज्याला उपचार नाकारले आहेत त्याने मागितलेले मरण, त्याची इच्छा म्हणून मोजायचे का? डॉक्टरांची माघार हेच त्याचे उत्तर होते, आणि ते योग्य होते.

भारतात हा प्रश्न लोकांपर्यंत पोहोचला तो मुंबईतल्या केईएम रुग्णालयातून. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका वॉर्डबॉयने हल्ला केला. गळ्याला कुत्र्याची साखळी आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्याची परवानगी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवले. रुग्णालयाच्या बाजूने न्यायालयापुढे जे आले ते वाचताना गलबलून येते. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना अंघोळ घातली, मऊ करून घास भरवले, ठरल्या वेळी कुशीवर वळवले. इतकी वर्षे अंथरुणात काढूनही पाठीला जखम नव्हती. आवडीचे मासे किंवा चिकनचे सूप भरवले की चेहऱ्यावर हसू उमटते, असे सांगण्यात आले. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या माणसांचा आहे, असे ठरवताना जीवनरक्षक उपचार थांबवण्याला मात्र कडक अटींवर तत्त्वतः वाट करून दिली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

मग ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केले. अटी इतक्या किचकट होत्या की इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ मध्ये त्या सैल झाल्या. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, आणि रुग्णालयातील प्राथमिक व त्यावरील दुय्यम अशी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे निर्णय घेतात. मरणाचे इंजेक्शन देणे हा भारतात आजही गुन्हाच आहे. व्हेंटिलेटर काढणे आणि विष टोचणे यांत फरक नाही असे म्हणणारे तत्त्वज्ञ आहेत, पण अतिदक्षता विभागात उभ्या असलेल्या माणसाला तो फरक कळतो: पहिल्यात आजार आपल्या वाटेने जातो. औषध नाकारण्याची रीत आपल्याकडे जुनीही आहे. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये आणि विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न-औषध सोडून देह ठेवला. विनोबांच्या जवळ पवनारला डॉक्टर होते. त्यांनी उपचार पुढे केले, ते नाकारले गेले, आणि जबरदस्ती झाली नाही.

भारतातील फाशीच्या तख्तावर मात्र डॉक्टरची जागा फारशी कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. १९८३ साली दीना खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने फाशीची पद्धत घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. विधी आयोगाने २००३ साली इंजेक्शनचा पर्याय सुचवला, पण शीर कोण शोधणार, याचा पेच आपल्याकडे फारसा चर्चेला आला नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत इच्छामरण घडवणे अनैतिक म्हटले आहे, छळात साहाय्य करणेही निषिद्ध आहे. फाशीबद्दल तीत अक्षर नाही. आणि तरी कारागृहाचा वैद्यकीय अधिकारी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथे असतो. वजनावरून दोराची लांबी ठरते आणि दिल्लीच्या कारागृह नियमांत तो अहवाल त्यानेच द्यायचा आहे. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालानंतर कैदी शरीराने व मनाने ठीक असल्याचा सरकारी डॉक्टरांचा अहवालही लागतो. मनोविकार हे फाशी टळण्याचे कारण आहे, त्यामुळे मनोरुग्ण कैद्याला बरे करणारा डॉक्टर त्याला तख्ताच्या जवळ नेतो. ‘एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या २०१९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका कैद्याची फाशी जन्मठेपेत बदलली.

महाराष्ट्रात अलीकडच्या दोन फाशी झाल्या, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात आणि ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात. कायद्याचे शब्द ‘मरेपर्यंत’ असे आहेत. पूर्वी देह अर्धा तास लटकत ठेवण्याचा नियम होता. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर न्यायालयाने तो मृताच्या प्रतिष्ठेला बाधक मानला, आणि वैद्यकीय अधिकारी मृत घोषित करेपर्यंतच देह लटकलेला राहील असे ठरवले. म्हणजे जल्लादाने खटका ओढला तरी शिक्षा पुरी होत नाही. खाली उतरून छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या डॉक्टरने शब्द उच्चारला की ती पुरी होते. अमेरिकी डॉक्टरांच्या संहितेने निषिद्ध ठरवलेला तो शब्द आपण एका पगारी सरकारी नोकरावर, त्याला न विचारता, टाकून मोकळे झालो आहोत. त्यानंतर दोर सोडला जातो आणि देह शवविच्छेदनाला जातो. तेही २०१४ पासून सक्तीचे आहे: मान मोडून मृत्यू आला की गुदमरून, हे दुसऱ्या एका डॉक्टरने लिहून द्यायचे असते.