आधी दात मोजा

मू डेंग आठवतेय ना, ती छोटी पाणघोडी? थायलंडच्या खाओ खिओ प्राणिसंग्रहालयात १० जुलै २०२४ला जन्मलेली, तुकतुकीत कातडीची, सांभाळणाऱ्याच्या गुडघ्याला चावे घेणारी. तिचे व्हिडिओ फिरत होते तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "मोठी झाली की केवढं धूड होईल!"

नाही होणार. हे नेहमीच्या पाणघोड्याचं पिल्लू नव्हेच. पिग्मी पाणघोडा पूर्ण वाढला तरी जेमतेम कमरेएवढा, वजन दोन-अडीचशे किलो. नेहमीचा पाणघोडा दीड टनाच्या आसपास. (नोव्हेंबर २०२४मध्ये अमेरिकेची निवडणूक कोण जिंकणार, हेही या पिल्लाला फळांची ताटं दाखवून विचारलं गेलं. उत्तर बरोबर निघालं. दोन ताटांतून एक निवडायचं तर रस्त्यावरच्या ज्योतिषाचा पोपटही निम्म्या वेळा बरोबर ठरेल.)

शास्त्रज्ञांनाही या प्राण्यानं बरंच दमवलं. लायबेरियातून आलेल्या कवट्या पाहून फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टननं १८४४मध्ये त्याला 'हिप्पोपोटॅमस मायनर' म्हटलं. पण ते नाव सायप्रस बेटावरच्या नामशेष बुटक्या पाणघोड्याला आधीच दिलेलं होतं. म्हणून १८४९मध्ये 'लायबेरिएन्सिस' असं नवं बारसं झालं. मग जोसेफ लायडीनं त्याची प्रजातीच (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) वेगळी काढली, 'कोएरॉप्सिस', म्हणजे डुकरासारखा दिसणारा. मू डेंगच्या नावातल्या 'मू'चा थाई अर्थही डुक्करच!

आता खरी गंमत. १९७७मध्ये शर्ली कोरिंडननं त्याला 'हेक्साप्रोटोडॉन'मध्ये नेऊन बसवलं. ही नामशेष प्रजाती आपल्या ओळखीची. शिवालिक टेकड्यांत तिचे जीवाश्म सापडले, नर्मदेच्या खोऱ्यातही सापडले. नावाचा अर्थ 'पुढचे सहा दात'. आणि पिग्मीच्या खालच्या जबड्यात पुढचे दात किती? दोन! नेहमीच्या पाणघोड्याला चार.

मग तिथे का नेलं? कवटीच्या ठेवणीतल्या काही जुन्या खुणा दोघांत सारख्या होत्या म्हणून. इथेच पाय घसरतो. माणसाच्या हाताला पाच बोटं, सरड्याच्या पुढच्या पायालाही पाच, घोड्याला एकच. म्हणून माणूस सरड्याच्या जवळचा आणि घोडा लांबचा ठरतो का? पाच बोटं ही फार जुनी इस्टेट, ती पुष्कळांकडे उरली. घोड्यानं ती गमावली, एवढंच. नातं ठरवताना अशी जुनी साम्यं बाजूला ठेवायची आणि एखादी नवी भर कोणाकोणात वाटून आलीय ते बघायचं. शास्त्रीय भाषेत सामायिक आदिम लक्षणं कुचकामी, सामायिक नवलक्षणं मोलाची. शिवाय दात कमी होणं वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणेही घडू शकतं, त्यामुळे नुसती संख्याही पुरत नाही. बाकीच्या हाडांशी ती ताडून पाहावी लागते. २००५मध्ये ज्याँ-रेनो ब्वासरी यांनी अशी पडताळणी केली आणि लायडीचं 'कोएरॉप्सिस' परत आलं.

म्हणजे हा मोठ्या पाणघोड्याचा आकसलेला अवतार नाही, जुनी वेगळी शाखा आहे. सायप्रस आणि मादागास्करचे बुटके पाणघोडे मात्र बेटावर अडकून लहान झालेले.

हा प्राणी रात्री, एकेकटा हिंडतो. डोळे डोक्याच्या माथ्यावर नसून बाजूला, कारण पाण्याइतकाच तो जंगलातही वावरतो. लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट एवढाच त्याचा मुलूख. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या २०१५च्या अंदाजानुसार प्रौढ प्राणी अडीच हजारांच्या आत, दर्जा 'धोक्यात'. लाकूडतोड, शेती, खाणी आणि मांसासाठी शिकार, सगळं एकदम. लायबेरियातलं सापो आणि आयव्हरी कोस्टमधलं ताई ही राष्ट्रीय उद्यानं त्याचे मोठे आसरे.

शेकडो किलोमीटर पूर्वेला, नायजर नदीच्या मुखाजवळही एक उपजात होती. १९४०च्या दशकात हेस्लॉप या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मिळवलेल्या कवट्यांवरून १९६९मध्ये तिला 'हेस्लॉपाय' हे नाव मिळालं. जिवंत प्राणी मात्र तिथे कित्येक दशकांत कोणी खात्रीनं पाहिलेला नाही.