घाबरल्यावर उच्छ्वास लांबवा

छातीत धडधडायला लागलं की शेजारचं माणूस हमखास म्हणतं, "मोठा श्वास घे." सल्ला मायेचा, पण अर्धाच. हृदयाला शांत करतो तो मुख्यतः उच्छ्वास.

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी धरा. श्वास आत घेताना ठोके किंचित लवकर पडतात, सावकाश सोडताना लांबतात. तरुण वयात हा फरक चांगलाच जाणवतो, पुढे तो कमी होत जातो. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये तो नोंदवला होता. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस म्हणजे हृदयाचा ब्रेक. श्वास घेताना तो सैल होतो, सोडताना लागतो. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाची ही नस उत्तेजित केली आणि त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! नसेतून स्रवणारं ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन.

आता कृती. पाठ टेकून बसा, तळपाय जमिनीवर, एक हात बेंबीच्या वर. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या. पोटावरचा हात वर आला पाहिजे, खांदे नव्हे. मग ओठांचा चंबू करून, बशीतल्या चहावर हलकी फुंकर घालावी तसा, सहा आकड्यांत सोडा. असा एक फेरा १० सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला ६ श्वास; एरवी आपण १२ ते २० घेतो. पाच मिनिटं पुरतात. सहा आकडे जड गेले तर तीन आकड्यांत घ्या, चारात सोडा. दम कोंडून धरू नका.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: श्वास जोरजोरात आणि भराभर ओढला जातो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरायला लागतं, ओठांभोवती नि बोटांना मुंग्या येतात. हार्ट अटॅकच आला असं वाटून माणूस आणखी हवा ओढतो आणि त्रास वाढत जातो. अशा वेळी श्वास छोटा घ्या, सोडायला वेळ लावा. तोंडाला कागदी पिशवी मात्र लावू नका. मूळ दुखणं दम्याचं किंवा हृदयाचं असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

सराव मन शांत असतानाच करावा, रोज, ठरल्या वेळी. ऐन घबराटीत नवी गोष्ट शिकता येत नाही.

चहा-कॉफीकडेही बघा. कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी धडधड वाढते.

छातीत दाब येऊन दुखणं हात किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर श्वास मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि काळजीने आठवडेच्या आठवडे झोप-जेवण उडालं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.