पहाटे तीनला उतरणारे भाग : पॉडकास्ट डाउनलोडरची पार्श्वभूमी

सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर वाशीची गाडी लागते, तेव्हा एक हात दांडीला आणि दुसरा बॅगेला असतो. फोन काढून पॉडकास्टचा, म्हणजे नेटवरून ऐकायच्या कार्यक्रमाचा, भाग शोधायचा, तो लोड होईपर्यंत थांबायचं, हे तिथे शक्यच नाही. ऐकायचं ते फोनमध्ये आधीच हवं. आधीच उतरवून ठेवायची ही कल्पना ‘पॉडकास्ट’ या शब्दापेक्षाही जुनी आहे.

गोष्ट २००० सालच्या अखेरीची. एमटीव्हीवर निवेदक राहिलेल्या अ‍ॅडम करी यांनी प्रोग्रामर डेव्ह वायनर यांच्यापुढे एक विचार मांडला. नेट सावकाश असलं तरी दिवसभर चालू असतं, मग क्लिक केल्यावर माणसाला ताटकळत का ठेवायचं? फाइल आपसूक येऊन पडू दे आणि आल्यावरच त्याला कळू दे. वायनर यांनी डिसेंबर २००० मध्ये आरएसएसच्या (संकेतस्थळावर नवं काय आलं याची यादी, म्हणजे ‘फीड’, लिहायची पद्धत) ०.९२ आवृत्तीत ‘एन्क्लोजर’ हा टॅग, म्हणजे खुणेची ओळ, घातला. त्यात तीनच गोष्टी असतात : फाइलचा पत्ता, बाइट्समधला आकार आणि प्रकार. एवढ्या एका ओळीवर आजचं पॉडकास्टचं जग उभं आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

२००३ मध्ये अमेरिकी पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांनी घेतलेल्या मुलाखती याच पद्धतीने फीडमधून जाऊ लागल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधल्या लेखात बेन हॅमर्सली यांनी ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द वापरला. त्याच वर्षी करी यांनी भाग उतरवून थेट आयपॉडमध्ये (अ‍ॅपलचा खिशातला संगीत-प्लेअर) टाकणारी आयपॉडर ही स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. आपल्याकडे ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर मार्गावर लोकल धावू लागल्या, त्याही २००४ मध्येच.

लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांनी मात्र वेगळी वाट धरली, आणि मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. लिंक फेसेंडेन यांची बॅशपॉडर ही २००४ ची छोटीशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल. एका साध्या फाइलमध्ये फीडचे पत्ते लिहायचे. स्क्रिप्ट प्रत्येक फीड वाचते, त्यातले ऑडिओचे पत्ते काढते, आधी उतरवलेल्यांच्या नोंदीशी ताडून पाहते आणि जे नवं असेल तेवढंच आणते. नवं यंत्र घडवावं लागलंच नाही. फाइल आणायला १९९६ पासूनचं डब्ल्यूगेट होतं, ठरल्या वेळी काम सुरू करायला युनिक्सच्या १९७० च्या दशकातलं क्रॉन होतं. जुनी अवजारं एका दोऱ्यात ओवली, इतकंच.

पुढच्याच वर्षीचं कास्टगेट हे भाग उतरवणारं दुसरं अवजार सी भाषेत लिहिलेलं आणि त्याच स्वभावाचं : पडद्यावर खिडकी नाही, बटण नाही, कुणी समोर बसलेलं नसतानाच चालायचं. त्याचा ‘कॅचअप’ हा पर्याय सुरुवातीलाच वापरावा. तो जुने सगळे भाग ‘आणले’ असे नोंदवून टाकतो. मी पहिल्यांदा तो दिला नव्हता, तर एका रात्रीत फीडमधले झाडून सगळे भाग उतरले आणि डिस्क भरली.

जून २००५ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स या संगीताच्या प्रोग्रामच्या ४.९ आवृत्तीत पॉडकास्ट आले आणि सर्वसामान्यांना स्क्रिप्टची गरज उरली नाही. पुढे स्ट्रीमिंग आलं, तशी फाइल नजरेआड झाली. माझ्या मते ते नुकसानच आहे. फीड बंद पडलं की जुने भागही बहुधा जातात. हौसेने सुरू होऊन वर्षभरात थांबलेल्या मराठी पॉडकास्ट मालिकांचं तर हे ठरलेलंच.

माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्रॉनची एक ओळ आहे : मिनिट शून्य, तास तीन. सकाळी फोल्डरमध्ये भाग आलेले असतात. रविवारी तेच पेन ड्राइव्हवर घेऊन कळव्याला बाबांकडे जातो. त्यांच्या स्पीकरला मागे यूएसबीची खाच आहे. ड्राइव्ह लावून ते खिडकीत बसतात. फोन त्यांना लागत नाही.